ट्रॉलर परतले की सर्व्हर बुडतो: नेटवर्क मेसेजचे बफर कसे सांभाळता?

मांडवीकाठ | ९ ऑगस्ट, रात्री ११:२०

मंडळी, दोन रात्री झोप नाही म्हणून इथे लिहितोय. पणजीत घरूनच एकट्याने सॉफ्टवेअरची कामं करतो. सध्याचं काम म्हणजे मासेमारीच्या ट्रॉलरवर बसवलेल्या जीपीएस डब्यांकडून मेसेज घेणारा सर्व्हर. गो भाषेत लिहिलाय, २ जीबी रॅमच्या भाड्याच्या मशीनवर चालतो. डबी दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद करते. रेंज असली तर लगेच पाठवते. बोट लांब गेली की आपल्याच फ्लॅशमध्ये साठवते आणि किनारा जवळ आला की साठलेलं सगळं एका दमात, एकाच मोठ्या मेसेजमध्ये ओतते. एरवीचा मेसेज साठ-सत्तर बाइटचा. आठवडाभराच्या फेरीनंतरचा मात्र दोन-तीनशे किलोबाइटचा.

जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी होती तेव्हा सगळ्या बोटी मालीमच्या आणि कुटबणच्या जेटीला बांधलेल्या. त्या काळात मी चाचण्या केल्या. मेमरी ४० एमबीच्या वर कधी गेली नाही, पात्रांव (बोटींचे मालक) खूश. १ ऑगस्टला बंदी उठली. पहिल्या फेरीच्या बोटी परतायला लागल्या आणि मेमरी चढली ती उतरेचना. काल पहाटे साडेतीनला लिनक्सच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोग्राम बंद पाडणारी सोय) प्रोसेस मारली. आज परत तेच.

बफर, म्हणजे आलेला मेसेज तात्पुरता ठेवायची मेमरी, मी गोच्या सिंक-पूलमधून (वापरलेल्या वस्तू पुन्हा वापरायचा साठा) घेतो आणि काम झालं की परत ठेवतो. दरवेळी नवी मेमरी मागायची नाही, हे तर बरोबरच ना? मग लीक, म्हणजे परत न मिळणारी मेमरी, आहे कुठे? चवथीआधी मिटवायलाच हवं, नाहीतर यंदा गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला मी घरात असूनही नसेन.

चिरा | ९ ऑगस्ट, रात्री ११:५२

ओहोटीला होडी तपासलीत आणि भरतीला सोडलीत. :)

आधी एवढं सांगा. मेसेजची लांबी वाचल्यावर ती किती असली तर चालेल याला काही मर्यादा आहे का? कनेक्शन नुसतं उघडं पडून असतं तेव्हा त्याचा बफर सोडवून घेता का? वाचायला डेडलाइन (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) लावलीय का? आणि पूलमध्ये परत टाकताना बफर केवढा झालाय ते बघता का? चारही उत्तरं 'नाही' असतील तर लीक शोधायची गरजच नाही.

सोलकढी | १० ऑगस्ट, सकाळी ७:०५

रॅम ४ जीबी करून टाका ना. महिन्याचे दोन-चारशे रुपये जास्त. झोपेची किंमत त्याहून मोठी.

चिरा | १० ऑगस्ट, सकाळी ७:३१

मग साडेतीनऐवजी साडेपाचला मरेल. तेवढी झोप मिळेल, हे खरं.

जुना_खलाशी | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

मांडवीकाठ बाब, मी आता निवृत्त. आयुष्य सी भाषेत टेलिफोनच्या यंत्रणा लिहिण्यात गेलं. 'बफर' हा शब्द तुम्ही एकाच गोष्टीसाठी वापरताय, पण तुमच्या मेसेजच्या वाटेवर बफर तीन-चार ठिकाणी आहेत. नेटवर्क कार्डावर येणारं पॅकेट साधारण १५०० बाइटचं. ते कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एका बफरात जातं, तिथून सॉकेटच्या (त्या कनेक्शनच्या) रांगेत, तिथून तुमच्या स्लाइसमध्ये (गोमधली बाइटची यादी) कॉपी होतं, आणि मग तुम्ही ते डेटाबेसकडे न्यायला आणखी कुठेतरी ठेवता. प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: इथे जास्तीत जास्त किती साठू शकतं? ज्या जागेचं उत्तर तुम्हाला आकड्यात देता येणार नाही, तिथे तुमची मेमरी जातेय.

कर्नलवाल्यांनी हा प्रश्न फार आधी सोडवला. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिममध्ये 'एमबफ' आहेत. आजच्या फ्रीबीएसडीत एक एमबफ २५६ बाइटचा, आणि मोठ्या मजकुरासाठी त्याला २०४८ बाइटचा 'क्लस्टर' जोडतात. मोठा मेसेज आला की मोठा बफर मागायचा नाही, छोट्यांची साखळी करायची. सगळे तुकडे एकाच मापाचे, म्हणून परत आलेला तुकडा कुणालाही देता येतो. तुमच्या पूलमध्ये मात्र ७० बाइटवाला आणि ३०० किलोबाइटवाला शेजारी शेजारी बसलेत.

सुपारीबाग | १० ऑगस्ट, दुपारी १:४०

काका, अगदी हेच लिहायला आले होते. मी फोंड्याची, कामावर जावा आणि नेटी (जावाची नेटवर्क लायब्ररी). पूलचा हा फटका नवीन लोकांना कळायला वेळ लागतो. पूलमधला बफर एकदा ३०० किलोबाइटपर्यंत वाढला की वाढला, रीसेट केलं तरी त्याची क्षमता तीच राहते. पुढच्या वेळी तोच बफर ७० बाइटच्या मेसेजला मिळतो. हळूहळू पूलमधला प्रत्येक बफर कधी ना कधी एखाद्या मोठ्या मेसेजच्या हाती लागतो आणि सगळेच फुगून बसतात.

गोमध्ये याची नोंद घेतलेली आहे. गोच्या स्वतःच्या 'एफएमटी' पॅकेजमध्ये छापायचा बफर पूलमध्ये परत टाकण्यापूर्वी क्षमता बघतात, ६४ किलोबाइटच्या वर असेल तर तो सोडून देतात. भाषा लिहिणाऱ्यांनाच ती ओळ घालावी लागली, तर आपण कोण?

मांडवीकाठ | १० ऑगस्ट, दुपारी २:०८

पण सिंक-पूल जीसीच्या (गो करतं त्या मेमरी-सफाईच्या) वेळी आपोआप रिकामा होतो ना? मी तसंच वाचलंय.

चिरा | १० ऑगस्ट, दुपारी २:२५

अर्धं वाचलंत. गो १.१३ पासून पूलमधली वस्तू पहिल्या जीसीला जात नाही, बाजूला काढून ठेवतात. मधल्या काळात कुणी ती उचलली नाही तरच पुढच्या जीसीला जाते. तुमच्याकडे डब्या सतत मेसेज पाठवतायत, म्हणजे बफर सतत हातात. फुगलेला बफर वापरात राहतो आणि म्हणूनच टिकतो.

माझ्या चार प्रश्नांची उत्तरं अजून बाकी आहेत.

मांडवीकाठ | १० ऑगस्ट, रात्री १०:४५

चारही 'नाही'. लाज वाटते, पण खरं तेच.

कनेक्शन जोडलं की पूलमधून बफर घेतो आणि त्यातच पहिले ४ बाइट वाचतो, त्यात लांबी. बफर तेवढा मोठा करतो आणि पूर्ण भरेपर्यंत वाचत राहतो. आज लांबी लॉगमध्ये छापायला लावली. बहुतेक आकडे ६४, ७२ असे. पण मधूनच एक विचित्र आकडा येतो: ११९५७२५८५६. दुपारपासून तीन वेळा, दर वेळी वेगळ्या आयपीवरून. डबी बिघडलीय का?

चिरा | १० ऑगस्ट, रात्री १०:५१

हाहाहा. हा आकडा काफ्का (मेसेज साठवून पुढे पोचवणारा सर्व्हर) चालवणाऱ्या कुणालाही विचारा, झोपेत ओळखेल.

तो आकडा नाहीच, ती अक्षरं आहेत. वेबची विनंती ज्या 'गेट' शब्दाने सुरू होते त्यातली जी, ई, टी ही तीन रोमन अक्षरं आणि पुढची रिकामी जागा. त्यांचे चार बाइट सोळाच्या पायात ४७, ४५, ५४, २०. सलग घेऊन एक संख्या म्हणून वाचा, ११९५७२५८५६ येते. इंटरनेटवर उघडं पोर्ट दिसलं की बॉट येऊन वेबसाइट आहे का ते टकटक करून बघतात. तुमचा सर्व्हर त्याला म्हणतो, 'या बसा, तुमच्यासाठी १.१ जीबीचा बफर मांडलाय.' मग तो बॉट पुढे काही पाठवत नाही, तुम्ही डेडलाइन लावलेली नाही, आणि बफर वाट बघत बसतो.

काफ्कात अशा विनंतीला मुळातच मर्यादा आहे, १०४८५७६०० बाइट म्हणजे १०० एमबी. त्याहून मोठी लांबी आली की ते कनेक्शन तोडतात आणि लॉगमध्ये हाच आकडा छापतात.

जुना_खलाशी | ११ ऑगस्ट, सकाळी ६:३०

एक बारकावा. १.१ जीबी मागितली म्हणून लिनक्स तेवढी रॅम लगेच देत नाही. मेमरीच्या पानाला (छोट्या तुकड्याला) हात लागला की ते पान मिळतं. त्यामुळे मेमरीचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप'मध्ये ही उडी दिसली नसणार. पण गोच्या हिशेबात हीप (प्रोग्रामने मागून घेतलेली मेमरी) तेवढ्याने वाढला. जीओजीसी (सफाई कधी करायची ते ठरवणारं सेटिंग) मूळच्या १०० वर असेल तर जिवंत हीप साधारण दुप्पट होईपर्यंत पुढची सफाई होत नाही. म्हणजे एका बॉटच्या रिकाम्या बफरमुळे तुमचा खराखुरा कचरा आणखी जीबीभर साठेपर्यंत कुणी झाडू हातात घेत नाही, आणि तो कचरा मात्र खऱ्या रॅममध्ये असतो. २ जीबीच्या मशीनवर हे एवढंच पुरे.

मांडवीकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:३०

लांबीला १ एमबीची मर्यादा घातली, वाचायला ३० सेकंदांची डेडलाइन लावली, ६४ किलोबाइटच्या वरचा बफर पूलमध्ये टाकत नाही. रात्र शांत गेली. आज संध्याकाळी मालीमला सात-आठ बोटी एकदम आल्या आणि मेमरी पुन्हा ७०० एमबी. मेली नाही, पण घाबरवलं.

दुसरी एक भानगड आहे, ती या धाग्यात बसते की नाही ते माहीत नाही. दोन दिवस एक पात्रांव फोन करतोय की जेटीला बांधलेली त्याची बोट नकाशावर कुटबणच्या बाहेर समुद्रात दिसते. मला वाटलं जीपीएसची चूक. आज दुसऱ्याचाही तसाच फोन आला.

सुपारीबाग | ११ ऑगस्ट, रात्री ९:४४

ही भानगड याच धाग्यात बसते! मेमरीचं नंतर, आधी हे बघा. डबीचा १५ अंकी नंबर तुम्ही बफरमधून कसा काढता? बफरचाच तुकडा पुढे देता की कॉपी करता?

मांडवीकाठ | ११ ऑगस्ट, रात्री ९:५८

तुकडाच. कॉपी कशाला, म्हणून मुद्दाम टाळली. तो तुकडा आणि नोंदीचा तुकडा एका स्ट्रक्टमध्ये (एकत्र गाठोड्यात) घालून डेटाबेसच्या गोरूटीनकडे (गोमधलं समांतर चालणारं हलकं काम) देतो. फंक्शन संपताना डिफरने बफर पूलमध्ये परत.

आणि लिहितालिहिताच कळलं. अरे देवा.

सुपारीबाग | ११ ऑगस्ट, रात्री १०:२०

ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात देवळाची भांडी लग्नाला नेतात. समजा पंगत अजून बसलीय, एकाच्या ताटात भात आहे, आणि वाढप्याने ते ताट 'झालं' म्हणून उचललं, धुतलं आणि शेजारच्या पंगतीला दुसऱ्याचं जेवण वाढून मांडलं. पहिला माणूस अजून त्याच ताटात हात घालतोय. त्याच्या हाती काय लागेल? दुसऱ्याचं जेवण. मांडवीकाठांच्या सर्व्हरमध्ये एका बोटीच्या नंबरखाली दुसऱ्या बोटीचा ठिकाणा गेला तो असा.

नेटीत यावर मोजणी ठेवतात. बफर आणखी कुणाला द्यायचा तर आकडा एकाने वाढवायचा, ज्याचं झालं त्याने कमी करायचा, शून्य झाला की मगच पूलमध्ये. एक कमी करायचं विसरलं तर लीक, एक जास्त कमी केलं तर वरचा प्रकार. त्यासाठी लीक शोधणारी सोय आहे. ती सहसा १०० तला एखादाच बफर तपासते, 'पॅरानॉइड' पातळीवर ठेवली तर प्रत्येक. मी चाचणीच्या मशीनवर ती कायम चालू ठेवते. कामाच्या मशीनवर ठेवून बघितली होती एकदा, पुन्हा ठेवणार नाही.

चिरा | ११ ऑगस्ट, रात्री १०:४१

ताई, उदाहरण झकास, पण गोवाल्यांना मोजणीच्या नादी लावू नका. इथे १५ अंक आहेत. कॉपी करा आणि मोकळे व्हा. स्लाइसची स्ट्रिंग केली की कॉपी होतेच, आणि गो १.२० पासून बाइट-स्लाइससाठी तयार क्लोन फंक्शन आहे. १५ बाइटची कॉपी वाचवायला ३०० किलोबाइटचा बफर ओलीस ठेवायचा हा कुठला हिशेब?

ओलीस हा शब्द मुद्दाम वापरतोय. पूल नसता तरी हा तुकडा महागातच पडला असता. गोमध्ये स्लाइसचा एक बाइट जरी कुणी धरून असेल तरी त्यामागचा पूर्ण अ‍ॅरे जिवंत राहतो. प्रत्येक बोटीची 'शेवटची नोंद' अशीच तुकड्यात ठेवली असेल तर दर बोटीमागे एक मोठा बफर अडकून पडला.

चाचणी रेस डिटेक्टर (एकाच मेमरीवर दोघांचा एकदम हात पडला की सांगणारं गोचं साधन) लावून चालवा. मेमरी ५ ते १० पट खातो, वेळ २ ते २० पट, पण ही चूक बोट दाखवून सांगेल.

सोलकढी | ११ ऑगस्ट, रात्री ११:०२

म्हणजे बोट दाखवून बोट सापडेल. (जातो, जातो.)

जुना_खलाशी | १२ ऑगस्ट, सकाळी ६:४५

सुपारीबाग, तुमच्या ताटावरून २०१४ सालचा एप्रिल आठवला. ओपनएसएसएल या वेबवरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची चूक. 'मी अमुक इतके बाइट पाठवतोय, तेवढेच परत पाठव' असा मेसेज यायचा. पाठवणाऱ्याने दिलेला मजकूर एखाद्या बाइटचा आणि सांगितलेली लांबी ६४ किलोबाइटपर्यंत. सर्व्हर लांबीवर विश्वास ठेवायचा आणि शेजारच्या मेमरीत जे काही आधीचं पडलं असेल ते उचलून द्यायचा, पासवर्ड असोत की किल्ल्या. आलेली लांबी प्रत्यक्ष मजकुराशी ताडून बघणं, एवढीच गोष्ट राहिली होती. ११९५७२५८५६ वर विश्वास ठेवणारा सर्व्हर त्याच घराण्यातला.

आता मेमरीबद्दल. ७०० एमबी बफरांनी भरणार नाही. आठ बोटींचे मोठे मेसेज मिळून अडीच एमबीसुद्धा होत नाहीत. नोंदी डेटाबेसकडे 'देतो' म्हणता, त्या कशा देता?

मांडवीकाठ | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

प्रत्येक नोंदीला एक गोरूटीन. मोठ्या मेसेजमध्ये वीस-बावीस हजार नोंदी असतात, तेवढे गोरूटीन सुटतात. गोरूटीन स्वस्त असतात ना?

चिरा | १२ ऑगस्ट, सकाळी ८:१६

सापडला.

गोरूटीन स्वस्त म्हणजे सुरुवातीला २ किलोबाइटचा स्टॅक (प्रत्येकाची स्वतःची कामाची मेमरी). २० हजार गुणिले २ किलोबाइट, ४० एमबी. एका बोटीचे. आठ बोटी एकदम आल्या, ३२० एमबी नुसते स्टॅकचे, आणि डेटाबेसच्या कॉलमध्ये स्टॅक वाढतो ते वेगळं. सगळे डेटाबेसच्या मोजक्या कनेक्शनांसाठी रांगेत उभे. तीन दिवस आपण बफर बफर करतोय आणि तुमचा सगळ्यात मोठा बफर म्हणजे ही गोरूटीनची गर्दी. तिला ना माप, ना मर्यादा.

जुना_खलाशी | १२ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मी राहतो चोडणला, घराच्या मागे खाजन (नदीकाठची बांध घातलेली शेतजमीन). मानस बघितलीय का कुणी? बांधातल्या या दाराला माणूस लागत नाही. नदीला भरती आली की पाण्याच्याच दाबाने दार बंद होतं, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं. शेतात किती पाणी मावेल ते दारावर ठरतं, नदीत किती आहे त्यावर नाही.

टीसीपीत, म्हणजे तुमची कनेक्शनं ज्या नियमांनी चालतात त्यांत, हे दार आयतंच आहे. तुम्ही सॉकेटमधून वाचणं थांबवलं की कर्नलचा बफर भरतो. लिनक्समध्ये तो एका सॉकेटमागे सहसा १२८ किलोबाइटपासून सुरू होतो आणि गरजेप्रमाणे ६ एमबीपर्यंत वाढू शकतो. तो भरला की समोरच्याला 'खिडकी शून्य' असं कळवलं जातं आणि डबी पाठवायची थांबते. तिच्याकडे फ्लॅश आहे, ती थांबू शकते. तुम्ही मात्र दार काढून ठेवलंत: येईल ते वाचायचं आणि गोरूटीनच्या हवाली करायचं. ठरावीक मापाचं चॅनेल (गोरूटीनमधली रांग) ठेवा, त्याच्या पलीकडे चार-पाच कामगार. चॅनेल भरलं की वाचणारा आपोआप अडकेल, आणि तो दाब डबीपर्यंत जाईल.

आणि पोच कधी देता? वाचल्यावर लगेच, की डेटाबेसमध्ये गेल्यावर?

मांडवीकाठ | १२ ऑगस्ट, दुपारी १२:०५

वाचल्यावर लगेच. डबी ती पोच मिळाली की आपल्या फ्लॅशमधून पुसते.

म्हणजे ओओएमने दोनदा मारलं तेव्हा रांगेत असलेल्या नोंदी...

जुना_खलाशी | १२ ऑगस्ट, दुपारी १२:११

गेल्या. डबीतूनही गेल्या.

सुपारीबाग | १२ ऑगस्ट, दुपारी १२:३०

काका, जरा हळू सांगा, बिचाऱ्याला जेवू तरी द्या.

मांडवीकाठ, पोच डेटाबेसच्या कमिटनंतर (नोंद पक्की झाल्यावर) द्या. मग डबी कधी कधी तोच मेसेज दोनदा पाठवेल, म्हणून डबीचा नंबर आणि वेळ यांवर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) ठेवा. दुसरी आली तर गिळून टाका. नोंद एकेक घालू नका, डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याच्या 'कॉपी' आज्ञेने गठ्ठा आधी तात्पुरत्या टेबलात घाला आणि तिथून दुबार नोंदी गाळून मुख्य टेबलात. वीस हजार इन्सर्टची रांग तिथेच निम्म्याहून कमी होईल.

मांडवीकाठ | २० ऑगस्ट, रात्री ११:४०

आठवडा गेला, म्हणून कळवतो. आधी फक्त ४ बाइटची लांबी वाचतो आणि ती कळल्यावरच बफर घेतो, त्यामुळे गप्प बसलेल्या कनेक्शनकडे बफरच नसतो. नंबर कॉपी होतो. गोरूटीनची गर्दी गेली, चॅनेल ५१२ नोंदींचं आणि ४ कामगार. पोच कमिटनंतर. गोमेमलिमिट (गोला सांगितलेली मेमरीची मर्यादा) १.२ जीबीवर ठेवलंय, तिथवर जायची वेळ आलेली नाही.

काल कुटबणला एकाच वेळी अकरा बोटी आल्या. मेमरी जास्तीत जास्त ९५ एमबी. मजा म्हणजे मग पूलच काढून बघितला, नुसते नवे बफर मागितले: ११० एमबी, सीपीयूत डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. पूल काढूनच टाकला. ज्याच्यासाठी मी एवढा अभिमानाने बसलो होतो तोच.

हरवलेल्या नोंदींबद्दल पात्रांवांना सरळ सांगून टाकलं. एकाने फोन आपटला, बाकीचे म्हणाले, बोट आली ना परत, मग झालं.

जुना_खलाशी | २१ ऑगस्ट, सकाळी ६:२०

छान. एक विचारतो: १ एमबीच्या वरचा मेसेज आला तर कनेक्शन तोडता. पण तो बॉट नसून खरी डबी असली तर? तोडलं की ती परत जोडणार, पोच मिळाली नाही म्हणून तोच मेसेज पुन्हा पाठवणार, तुम्ही पुन्हा तोडणार. मोबाईल डेटाचं बिल कुणाच्या नावावर आहे?

मांडवीकाठ | २१ ऑगस्ट, सकाळी ९:०२

बिल माझ्याच नावावर. :(

डबीचं मॅन्युअल काढून बसलो. एका मेसेजमध्ये जास्तीत जास्त किती नोंदी जाव्यात, ते एसएमएसने बदलता येतं. मूळ सेटिंग 'अमर्याद' होतं. ५०० करतोय. जेटीला असलेल्या चौदा बोटींना एसएमएस पोचले, बाकीच्या समुद्रात आहेत. त्या रेंजमध्ये आल्या की आधी साठलेलं ओततील आणि मग एसएमएस वाचतील, तेव्हा आणखी एक फेरी जुन्याच मापाची येणार. तोवर १ एमबीची मर्यादा ४ करून ठेवतो.